ऑप्टिप्लेक्स ३०२०: आय३-४१३० काढून आय७ बसवायचा आहे, आधी काय तपासू?

जुना_डबा

डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, मिनी टॉवर. आत आय३-४१३०, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क, २९० वॉटचा पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० आहे, बायोस ए०२ दाखवतं.

काम असं: ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ जोडून १०८०पीमध्ये एक्स्पोर्ट, अधूनमधून फोटो एडिटिंग. एक्स्पोर्टला व्हिडिओच्या लांबीच्या जवळजवळ तिप्पट वेळ लागतो.

आय७-४७९० घ्यावा असं डोक्यात आहे. तो थेट बसेल का? आहे तोच हीटसिंक आणि पॉवर सप्लाय पुरेल का? झिऑन ई३-१२३१ व्ही३ स्वस्त पडतो म्हणतात, तो घेऊ का? प्रोसेसर याआधी कधी बदललेला नाही, तेव्हा पायऱ्या सविस्तर सांगितल्यात तर बरं.

---

सॉकेट११५०

बसेल, पण आधी बायोस (मशीन चालू होताना बोर्डावरून चालणारा मूळ प्रोग्राम).

तुमच्या बोर्डावर एच८१ चिपसेट आणि एलजीए ११५० सॉकेट आहे, म्हणजे इंटेलची चौथी पिढी. ही पिढी दोन हप्त्यांत आली. ४५७०, ४७७० वगैरे २०१३ च्या जूनमध्ये, आणि ४५९०, ४७९० हे 'रिफ्रेश' मे २०१४ मध्ये. ए०२ हा सुरुवातीचा बायोस. नंतर आलेल्या चिपचा मायक्रोकोड, म्हणजे ती ओळखून चालवायचा कोड, त्यात नसेल तर ४७९० सॉकेटमध्ये नीट बसेल, पंखाही फिरेल, पण स्क्रीन काळीच. लोक इथेच फसतात आणि चिप खराब आली म्हणून परत पाठवतात. ब्रँडेड डब्यात सॉकेट जुळणं ही अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी बायोसच्या हातात असते.

म्हणून जुना आय३ आत असतानाच बायोस शेवटच्या आवृत्तीवर न्या. विन आणि आर दाबून एमएसइन्फो३२ टाइप केलंत की सध्याची आवृत्ती दिसते. सर्व्हिस टॅग टाकून कंपनीच्या साइटवरून ३०२० चीच फाइल उतरवा. ७०२० किंवा ९०२० ची चालत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबवा, नाहीतर रीस्टार्टनंतर रिकव्हरी की मागेल. फ्लॅश चालू असताना वीज गेली तर बोर्ड कामातून जातो, तेव्हा यूपीएस असेल तर तो लावूनच करा.

झिऑनचा मोह सोडा. ई३-१२३१ व्ही३ ला अंगभूत ग्राफिक्सच नाही आणि तुमच्याकडे कार्ड नाही, म्हणजे मॉनिटर जोडायला जागाच उरत नाही. ज्यांचा शेवटचा आकडा ५ आहे (१२२५, १२४५, १२७५ व्ही३) त्यांच्यात ग्राफिक्स असतं. पण ब्रँडेड बोर्डाचा बायोस झिऑन ओळखेलच याची खात्री कोणी देत नाही. ओळखला तरी ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या) रॅमचा फायदा एच८१ वर मिळत नाही.

नावामागे 'के' असलेला ४७९०के सुद्धा नको. ओव्हरक्लॉकिंगला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला) एच८१ चा हा बोर्ड उपयोगाचा नाही, आणि ८८ वॉटची चिप या डब्यातल्या हीटसिंकवर उगाच तापेल.

---

पट्टी_दोन

प्रोसेसर मागवायच्या आधी एक सांगतो, रागावू नका. ४ जीबी आणि फिरती हार्ड डिस्क असताना आय७ टाकणं म्हणजे बैलगाडीला घोडा जुंपणं. पंचवीस टॅब उघडले की रॅम संपते, विंडोज डिस्कवर लिहायला लागतं आणि प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. टास्क मॅनेजर उघडून बघा. अडकल्यासारखं होतं तेव्हा डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर ३० टक्के दिसत असेल, तर दुखणं कुठे आहे ते कळलं.

या बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी. ४ जीबीची अजून एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर३-१६००, साधी डेस्कटॉपची, ईसीसी नसलेली. १.५ व्होल्टची चालते, १.३५ ची डीडीआर३एल पण चालते. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं) मिळतं आणि अंगभूत ग्राफिक्सला त्याचा चांगलाच फायदा होतो, कारण ते याच रॅममधून खातं.

घेताना एक सापळा आहे. ८ जीबीच्या काही स्वस्त पट्ट्यांवर बारीक अक्षरात 'फक्त एएमडी बोर्डासाठी' असं लिहिलेलं असतं. त्यातल्या चिपची अंतर्गत रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला पटत नाही. लावली की मशीन चालूच होत नाही, किंवा रॅम चुकीची दाखवतं.

एसएसडी साटाची, अडीच इंची. मदरबोर्डावरचे सगळेच साटा पोर्ट सारखे नसतात. एच८१ मध्ये ६ गिगाबिटचे दोनच असतात, बाकीचे ३ गिगाबिटचे. बूटची एसएसडी वेगवान पोर्टावर लावा, डीव्हीडी ड्राइव्ह हळू पोर्टावर सरकवा.

---

सॉकेट११५०

पट्टी_दोन यांचं टॅबच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. एक्स्पोर्टची गोष्ट वेगळी आहे, तिथे कोअरच लागतात.

आकडे बघा. (थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं, टर्बो म्हणजे गरजेला आपोआप वाढणारा वेग.) आय३-४१३०: दोन कोअर, चार थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही, ५४ वॉट. आय५-४५९०: चार कोअर, चार थ्रेड, ३.३ ते ३.७, ८४ वॉट. आय७-४७७०: चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ ते ३.९, ८४ वॉट. आय७-४७९०: तेच सगळं, फक्त ३.६ ते ४.०.

४७७० आणि ४७९० यांच्यात वरचा फरक १०० मेगाहर्ट्झचा आहे, वापरताना जाणवणार नाही. बायोस अपडेट करायची भीती वाटत असेल तर ४७७० घ्या, तो जुन्या बायोसवरही चालणाऱ्या पहिल्या हप्त्यातला आहे. आणि एका कोअरचा वेग ३.४ वरून ३.९ वर जातो, म्हणजे जेमतेम १५ टक्के. त्यामुळे विंडोज उघडणं, फाइल उघडणं, एखादं पान लोड होणं यात चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. फरक दिसेल तो सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा.

माझं मत विचाराल तर फोटो आणि टॅब एवढंच काम असतं तर ४५९० वर थांबा म्हटलं असतं. तुम्ही एक्स्पोर्ट करता, म्हणून आय७.

---

फ्रेम_दर_फ्रेम

एक्स्पोर्टबद्दल थोडं. मोबाइल व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) लिहितो ते आधी बघा. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ असेल तर अर्धं दुखणं तिथे आहे. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीसाठी पूर्ण हार्डवेअर डीकोडर नाही, एव्ही१ चा तर प्रश्नच नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो. आय७ लावला तरी हा डीकोडर काही नवा येणार नाही, कारण ग्राफिक्स त्याच पिढीचं: ४४०० च्या जागी ४६०० एवढंच.

उपाय फुकटचा आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉर्मॅट एच.२६४ करा. काही फोनमध्ये याला 'सर्वाधिक सुसंगत' असं म्हणतात. आधी काढलेल्या क्लिपांसाठी एडिटरमध्ये प्रॉक्सी (हलक्या प्रती) बनवून काम करा.

दुसरं म्हणजे क्विक सिंक. एच.२६४ एन्कोड करणारं हार्डवेअर तुमच्या आय३ मध्येही आहे. एडिटरच्या एक्स्पोर्ट सेटिंगमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' निवडून बघा. त्याच बिटरेटला दर्जा सॉफ्टवेअर एन्कोडपेक्षा जरा खाली राहतो, म्हणून बिटरेट थोडा वाढवून ठेवा. एवढ्यानेच तिप्पट वेळाचा मोठा भाग कमी होऊ शकतो. प्रोसेसर घ्यायच्या आधी हे करून बघाच.

---

थर्मलपेस्ट

आता प्रत्यक्ष बदलायचं कसं ते.

लागणाऱ्या गोष्टी: मधल्या आकाराचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी फिल्टर, टॉर्च. कापूस नको, तंतू मागे राहतात.

मशीन दहा मिनिटं चालवून मग बंद करा. सुकलेली पेस्ट कोमट असताना हीटसिंक सहज सुटतो. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमधला उरलासुरला भार जातो. डबा आडवा ठेवा आणि आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा.

पंख्याची वायर काढा. हीटसिंकचे चार स्क्रू आहेत. ते हीटसिंकलाच अडकून राहतात, पूर्ण बाहेर येत नाहीत, तेव्हा ओढत बसू नका. एकदम एकच स्क्रू पूर्ण सोडायचा नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्या धरून प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत सैल करा. नंतर हीटसिंक सरळ वर खेचायचा नाही, डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, तो आपोआप सुटतो. एलजीए सॉकेटमध्ये चिप लोखंडी चौकटीखाली धरलेली असते म्हणून ती वर येत नाही. पण हीच सवय जुन्या एएमडी मशीनवर उपयोगी पडते. तिथे पिना चिपलाच असतात आणि न पिळता ओढलं की प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो.

सॉकेटची दांडी खाली दाबून किंचित बाहेर, मग वर. चौकट उघडा. चिप दोन कडांना धरून सरळ उभी उचला. या क्षणी सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे सॉकेटमधल्या पिना. केसासारख्या असतात. त्यावर काही पडू द्यायचं नाही, बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, कापडाने तर मुळीच पुसायचं नाही. टॉर्च तिरका धरून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेला एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे.

नवी चिप: कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण आणि कडेच्या दोन खाचा सॉकेटशी जुळवा. ठेवायची आणि सोडायची, दाबायची नाही. नीट बसली असेल तर हलत नाही. चौकट खाली, दांडी खाली. दांडीला जोर लागतो आणि करकर आवाज येतो, त्याला घाबरू नका. तिरपी बसलेली चिप मात्र दांडी ओढून सरळ होत नाही, पिना चिरडल्या जातात.

चिपचा आणि हीटसिंकचा दोन्हीचा पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून सुकू द्या. पेस्ट मधोमध, साधारण मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. पसरवायची नाही, दाबाने पसरते. हीटसिंक ठेवला की उचलून बघायचा नाही. उचललात तर हवा अडकते आणि पुसून पुन्हा लावावी लागते. स्क्रू पुन्हा फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, चारही शेवटपर्यंत. पंख्याची वायर लावायला विसरू नका. आता रॅम.

पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर काही न दिसणं, मशीन आपोआप एकदोनदा रीस्टार्ट होणं साहजिक आहे. एफ२ ने बायोसमध्ये जा आणि परफॉर्मन्स विभागात तीन गोष्टी बघा: मल्टी कोअर सपोर्ट सगळ्यांवर, हायपरथ्रेड चालू, टर्बोबूस्ट चालू. तुमच्या आय३ ला टर्बो नव्हताच, त्यामुळे तिकडे कोणी लक्ष दिलेलं नसतं.

---

सॉकेट११५०

वापरलेला प्रोसेसर घेताना वरचे कोड वाचा. ४७७० वर एसआर१४९ असतं, ४७९० वर एसआर१क्यूएफ. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं छापलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे. ब्रँडेड बोर्ड त्याला सहसा ओळखत नाही, घेऊ नका. उलटी करून मधल्या भागातले बारीक कपॅसिटर जागेवर आहेत का बघा, एखादं निखळलं असेल तर चिप गेली. सोनेरी ठिपक्यांवरचा डाग अल्कोहोलने जातो, ओरखडा जात नाही.

पॉवर सप्लाय पुरतो. वाढ ५४ वरून ८४ वर, म्हणजे ३० वॉट. कार्ड नसलेलं हे मशीन पूर्ण भारावरही २९० च्या निम्म्यापर्यंत जात नाही. पुढे ७५ वॉटपर्यंतचं, वेगळी पॉवर वायर न लागणारं कार्ड घेतलंत तरी चालेल. सप्लाय बदलायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा की या मॉडेलमध्ये मदरबोर्डाला २४ पिनांचा नेहमीचा कनेक्टर नाही, ८ पिनांचा आहे. बाजारातला सप्लाय थेट लागत नाही, त्यासाठी बदल-वायर घ्यावी लागते.

---

निवांत

मध्येच विचारतो. माझ्याकडे सहाव्या पिढीचा आय५ आहे, एलजीए ११५१. त्यात आठव्या पिढीचा आय७ जाईल का? सॉकेटचं नाव तेच आहे.

---

सॉकेट११५०

नाही. नाव तेच, आतल्या पिनांची वाटणी वेगळी. सहावी-सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर, आठवी-नववी ३०० मालिकेवर. तुम्हाला फार तर आय७-६७००, आणि बायोस ओळखत असेल तर ७७००.

जाता जाता दोघांनाही: प्रोसेसर असा बदलून विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन आणखी काही वर्षं इंटरनेटवर वापरायचं असेल तर लिनक्सचा विचार करा. आणि अ‍ॅक्टिव्हेशनची काळजी नको, ते मुख्यतः बोर्डाशी बांधलेलं असतं.

---

जुना_डबा

सगळ्यांचे आभार. बायोस शेवटचा टाकला, १६ जीबी आणि एसएसडी लावली, क्लिपा एच.२६४ केल्या. आय७-४७९० बसवला, पहिल्या झटक्यात चालू झाला, आठही थ्रेड दिसतात. रिकामा असताना ४१ अंश. पण प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) लावला की ९९ अंश आणि वेग ३.३ च्या खाली येतो. स्क्रू पुन्हा कसू का?

---

थर्मलपेस्ट

आधी प्राइम९५ बंद करा. त्याची छोट्या एफएफटीची चाचणी एव्हीएक्स२ नावाच्या जड गणिती सूचना सतत फिरवते आणि या पिढीला ती अवाच्या सवा तापवते. या चिपमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर आतच आहे, शिवाय चिप आणि वरच्या झाकणाच्या मधे सोल्डर नसून पेस्ट आहे. नेहमीच्या कामात तेवढी उष्णता येत नाही. सिनेबेंच (प्रोसेसरची वेगचाचणी) दहा मिनिटं चालवा, किंवा सरळ तुमचाच एखादा एक्स्पोर्ट लावून एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम) आकडे बघा.

मुख्य म्हणजे तापमान कसं चढतं ते बघा. भार दिल्यावर दोन-तीन सेकंदांत ४१ वरून ९० वर उडी मारत असेल तर संपर्काची अडचण: पेस्ट कमी, एखादा स्क्रू अर्धवट, किंवा हीटसिंक तिरपा. पाच-दहा मिनिटांत सावकाश चढत जात असेल तर संपर्क ठीक आहे. तेव्हा हीटसिंक छोटा पडतोय किंवा हवा अडतेय.

---

जुना_डबा

सावकाश चढतं. सिनेबेंचमध्ये आठ मिनिटांनी ९१, वेग ३.८ ला टिकतो. हीटसिंक खालून पूर्ण ॲल्युमिनियमचा आहे, तांबं कुठेच नाही.

---

थर्मलपेस्ट

मग स्क्रूंना हात लावू नका. तो हीटसिंक ५४ वॉटच्या आय३ साठी दिलेला आहे. याच मॉडेलच्या आय५-आय७ मशीनमधून निघालेला, तळाला तांब्याचा गोल असलेला मिळाला तर तो तसाच बसतो. त्याच मॉडेलचा, त्याच मिनी टॉवरचा घ्या. छोट्या डब्याचा वेगळा असतो.

बाजारातला कूलर घेताना नुसतं '११५० ला चालतो' एवढं वाचून घेऊ नका. भोकांचं अंतर ७५ मिलीमीटरच असतं, पण ब्रँडेड डब्यांत बऱ्याचदा हीटसिंकचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन डब्याच्या पत्र्यावरच्या खांबांत बसतात. कूलरची मागची पट्टी लावायला जागाच राहत नाही. पंख्याच्या कनेक्टरचंही तेच. ४ ऐवजी ५ पिना किंवा वेगळा क्रम असेल तर प्रत्येक वेळी पंखा सापडत नाही म्हणून बूट थांबतं.

हीटसिंक मिळेपर्यंत बायोसमधून टर्बोबूस्ट बंद ठेवा. ३.६ वर स्थिर चालेल आणि तापमान बरंच उतरेल. एक्स्पोर्टला त्यामुळे लागणारा जादा वेळ किरकोळ आहे. समोरच्या जाळीतली आणि हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा. ब्रशने झाडताना पंख्याला बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका.

---

पट्टी_दोन

१६ जीबी पूर्ण दिसतात ना? ८ च दिसत असतील तर पट्ट्यांची जागा अदलाबदल करून बघा. एकच स्लॉट नेहमी रिकामा दिसत असेल तर दोष बहुधा पट्टीचा नाही. चिप बसवताना त्या चॅनेलची पिन वाकली असेल, किंवा हीटसिंकचा दाब एका बाजूला जास्त पडत असेल. तेव्हा मात्र स्क्रू सैल करून चारही सारखे कसावे लागतात.

---

जुना_डबा

१६ दिसतात, ड्युअल चॅनेल. टर्बो बंद केल्यावर सिनेबेंचला ७८ वर थांबतं. दहा मिनिटांच्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट क्विक सिंक न वापरता अकरा मिनिटांत झाला. तांब्याच्या तळाचा हीटसिंक शोधतोय.